दोन वर्षांनी पायी

कोरोनाच्या साथीमुळे २०२० च्या आषाढात ज्ञानेश्वर माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. आळंदीतलं प्रस्थान मोजक्या माणसांत झालं, पादुका आळंदीतच, आजोळघरी, मुक्कामाला राहिल्या आणि दशमीला, ३० जूनला, फुलांनी सजवलेली गाडी त्यांना घेऊन निघाली. पायी जायला अडीच आठवडे लागतात ते अंतर एका दिवसात संपलं. पंढरपुरात संचारबंदी होती. २०२१ मध्ये मानाच्या दहा पालख्या, प्रत्येक पालखीला दोन एसटी गाड्या आणि चाळीस माणसं असा नियम झाला. वाखरीपासून पुढचं थोडं अंतर तेवढं पायी चालायला मिळालं. परंपरा तुटली नाही एवढंच समाधान. रस्त्याकाठच्या गावांनी मात्र ती दोन वर्षं दारात उभं राहून रिकामा रस्ता पाहिला.

२०२२ च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलला, राज्यातले निर्बंध उठले. २० जूनला देहूतून तुकोबांची आणि २१ जूनला आळंदीतून माउलींची पालखी निघाली. संपादकांनी या अंकासाठी ‘पुन्हा एकत्र’ हा विषय दिला, तेव्हा वारीखेरीज दुसरं काही माझ्या मनात आलं नाही. जमेल तिथे दिंडीबरोबर चालले, जमेल तिथे मुक्कामाला राहिले, पुढच्या टप्प्यावर ट्रकमधून गेले. एकच गोष्ट पाहायची होती. दोन वर्षं घरात कोंडलेली लाखो माणसं पुन्हा एका रस्त्यावर येतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो कशाचा असतो?

वहीतली नावं

प्रस्थानाच्या आदल्या संध्याकाळी आळंदीतल्या एका धर्मशाळेच्या ओसरीवर परभणीकडच्या एका दिंडीचे प्रमुख सतरंजीवर बसले होते. पुढ्यात कापडी पुठ्ठ्याची लांबट वही. बॅगा, वळकट्या, टाळांच्या पिशव्या घेऊन माणसं येत होती, महाराजांच्या पाया पडत होती, महाराजही वाकून त्यांच्या पाया पडत होते, आणि मग वहीत नाव शोधलं जात होतं. जेवण, तंबू, ट्रक, पाणी यांच्या खर्चापोटी प्रत्येकाने दिंडीत ठरावीक पैसे भरायचे असतात. त्याला भिशी म्हणतात. भिशी जमा झाली की नावापुढे खूण.

वही २०१९ ची होती. त्यानंतरची दोन वर्षं कोरीच. महाराज जुनी यादी वाचत होते आणि बसलेल्यांपैकी कोणी ना कोणी उत्तर देत होतं. हा उद्या पोचतोय. हिचे गुडघे गेले, ती पंढरपुरात थेट येईल. मग एक नाव आलं आणि कोणीच बोललं नाही. थोड्या वेळाने मागून एक पंचविशीतला मुलगा पुढे आला. ‘महाराज, मी त्यांचा धाकटा. बाबा मागल्या वर्षी एप्रिलात गेले.’ महाराजांनी ते नाव खोडलं नाही. त्याच ओळीत, त्याच्याखाली, मुलाचं नाव लिहिलं आणि विचारलं, ‘टाळ आणलास का?’ मुलाने पिशवीतून वडिलांचे टाळ काढून दाखवले. दोरी नवी होती.

नंतर मी महाराजांना त्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, ‘नाव काढायचं नसतं, ताई. वारी त्या घराची आहे. घरातलं कोणीतरी येतंच.’

त्या रात्री अशा अनेक ओळी भरल्या गेल्या. साथीने नेलेल्या माणसांचे अंत्यविधी गावोगाव चार-पाच जणांत उरकले होते. दहाव्याला, तेराव्याला कोणी जमलं नव्हतं. ज्या माणसाबरोबर वीस-वीस वर्षं वाट चालली, त्याच्यासाठी चार लोकांत बसून रडायचं राहून गेलं होतं. ते त्या ओसरीवर झालं. कोणी त्याला शोकसभा म्हटलं नाही. नाव वाचलं गेलं, माणसांनी हात जोडले, कोणी गेलेल्याची आठवण सांगितली, आणि यादी पुढे सरकली.

प्रत्येकाची जागा

लांबून पाहिलं तर वारी म्हणजे माणसांचा लोंढा दिसतो. आत शिरल्यावर कळतं की तिथे जागा ठरलेल्या आहेत. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या, रथामागे त्याहून कितीतरी जास्त, आणि प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. कोणी कोणाच्या पुढे जात नाही. दिंडीच्या आतही रचना आहे. सर्वांत पुढे भगव्या पताका घेतलेले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदंग, मग गळ्यात वीणा घेतलेले विणेकरी, आणि डोक्यावर तुळशीवृंदावन किंवा पाण्याची घागर घेतलेल्या बाया. हा सोहळा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैबतबाबा आरफळकरांनी असा बांधून दिला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले, आणि आजही घोडे त्याच घराण्याकडून येतात. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी राहिलेले होते. फौज कशी हलवायची हे ठाऊक असलेल्या माणसाने ही भजनाची वाटचाल आखली, याची खूण पावलोपावली दिसते.

भजनाचाही क्रम ठरलेला असतो. पहाटे मंगलाचरण, मग भूपाळ्या, वासुदेव, गौळणी, दुपारी त्या-त्या वाराचे अभंग, नंतर हरिपाठ. त्यामुळे कोकणातला माणूस मराठवाड्याच्या दिंडीत शिरला तरी सकाळी कोणत्या वेळी काय म्हणायचं हे त्याला ठाऊक असतं. अनोळखी माणसांना एका सुरात आणायला याहून सोपी आणि पक्की युक्ती मला माहीत नाही.

दोन वर्षांच्या खंडाचे परिणाम मात्र दिसत होते. आळंदी-पुणे टप्प्यातच पायांना फोड आले. आवाज बसले. रांगेत टाळ एकत्र पडत नव्हते. पहिल्यांदाच आलेली तरुण मुलं हात उगारून जोरात टाळ मारत होती आणि त्यांची मनगटं दुखून आली होती. हडपसरच्या पुढे विसाव्याला पाठीला पाठ लावून बसलेल्या मुलांना एक म्हातारे टाळकरी शिकवत होते. ‘आपटू नको. एक हात धर, दुसऱ्याने नुसता लागू दे. दिवसभर वाजवायचाय.’ मुलाने चारदा करून पाहिलं, पाचव्या वेळी नाद मोकळा झाला. बाबांनी मान हलवली आणि रांगेत त्याला आपल्या शेजारी घेतलं. दोन-तीन दिवसांनी जेजुरीच्या रस्त्यावर तीच रांग मी पुन्हा ऐकली. आता टाळ एकदम पडत होते आणि पावलीत पाय एकदम उचलले जात होते.

दिंडीतल्या बायांपैकी एक मावशी माझ्याशी बोलत बोलत चालल्या. पासष्टीच्या, डोक्यावर तुळस. त्या म्हणाल्या, ‘काय सांगू माय, दोन वर्सं माहेर तुटलं व्हतं. नातवंडं म्हनायची, आजे, टीव्हीवर बघ की पंढरपूर. टीव्हीवर कुनी आपल्या पाया पडतं का?’ वारीत भेटणारा प्रत्येक जण दुसऱ्याच्या पाया पडतो आणि दुसरा लगेच वाकतो. लहान-थोर बघत नाहीत. वर्षभर शेतात, घरात राबणाऱ्या आणि कुणी फारसं न विचारणाऱ्या बाईच्या पायांना दिवसातून शंभरदा कोणी हात लावतं आणि तिला माउली म्हणतं. मावशींचं दोन वर्षांत काय गेलं होतं, ते मला त्या एका वाक्यात समजलं.

दिवे घाट

पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यांत लांब, आणि त्यात एकादशी. त्या वर्षी तो दिवस २४ जूनला आला. पोटात साबुदाण्याची खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू, आणि समोर दिवे घाटाची चढण. रथाला जादा बैलजोड्या लावल्या जातात. वळणावरून मागे पाहिलं की खालपासून वरपर्यंत पताका दिसतात. त्या जूनमध्ये पावसाने ओढ दिली होती. ढग येत होते, सावली पडत होती, सर मात्र येत नव्हती. सगळ्यांच्या बोलण्यात पेरणीची काळजी होती. तरी चालायचं कोणी थांबवलं नाही.

घाटात पुणेकरही खूप होते. एक दिवस चालायला आलेले कॉलेजचे विद्यार्थी, बँकेतले, आयटीतले, सकाळी फिरायला जाणारे निवृत्त लोक. यातल्या बहुतेकांना अभंग पाठ नव्हते. पण विणेकऱ्यांनी चाल धरली की दुसऱ्या कडव्यापर्यंत ध्रुपद त्यांच्याही तोंडी येत होतं. एक तरुण इंजिनिअर मुलगी म्हणाली, ‘दोन वर्षं मी एका खोलीतून काम केलं. आमच्या टीममधल्या अर्ध्या लोकांना मी अजून प्रत्यक्ष भेटलेले नाही. इथे आजूबाजूला इतकी माणसं आहेत आणि कोणालाच माझ्याकडून काही नकोय, तरी सगळे मला पाणी विचारतात.’ हे बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

रस्त्याच्या कडेला सेवा मांडलेली होती. कोणी पायांना तेल लावून चोळत होतं, कोणी फुकट दाढी-कटिंग करत होतं, चांभार खिळे-दोरा घेऊन तुटलेल्या चपला शिवत होते. एका चांभारकाकांपाशी मी बराच वेळ बसले. चप्पल हातात घेतली की ते आधी तळ पाहत. कुठे झिजलाय त्यावरून माणूस कसा चालतो ते ओळखत आणि मग ठरवत की नुसता अंगठा शिवायचा की खाली टायरचा तुकडा लावायचा. मागची दोन वर्षं त्यांचा ठेला बंदच होता. धंद्याचा दिवस सोडून ते इथे पैसे न घेता बसले होते, आणि चपलांचा ढीग वाढत होता तसे त्यांचे हात भरभर चालत होते.

पुढे पळणारे ट्रक

दिंडी चालते ती दिवसा. तिचा संसार चालतो तो रात्री अडीच-तीनला. तेव्हा तळावर दिवे लागतात, टँकरच्या नळाखाली आंघोळीची रांग लागते, राहुट्यांच्या दोऱ्या सुटतात, पातेली ट्रकमध्ये चढतात. उजाडताना पालखी निघते आणि ट्रक वाट काढत पुढे. दुपारपर्यंत पुढच्या मुक्कामी पोचून तंबू उभे राहायला हवेत आणि भात शिजायला हवा. प्रत्येक दिंडीची तळावरची जागा वर्षानुवर्षं तीच असते. अमक्या विहिरीपाशी, तमक्याच्या वावरात, शाळेच्या मागे.

या वेळी जागा शोधणंच अवघड गेलं. पालखी मार्गाचं रुंदीकरण चालू होतं. ओळखीची झाडं तुटलेली, बांध हललेले, एखाद्या जागी पेट्रोलपंप झालेला. आमच्या दिंडीच्या ट्रकचे ड्रायव्हर दरवर्षीच्या वडाच्या खुणेवर वळायचे. वडच नव्हता. दोनदा पुढे जाऊन मागे आले तेव्हा ते वावर सापडलं. जमिनीचे मालक बांधावर वाट पाहत उभे होते. दोन वर्षं त्यांनी त्या तुकड्यात आषाढात काही पेरलं नव्हतं, आणि या वेळीही तो नांगरून ठेवलेला नव्हता. ‘दिंडी येईल का नाही काय ठावं, पण आली आन् जागा नसली तर?’ ते म्हणाले. त्यांच्या घरातल्या बायांनी भाकरी करून ठेवल्या होत्या.

वारीच्या वाटेवर घरोघर असंच आहे. यवतच्या पिठलं-भाकरीची वाट तुकोबांच्या पालखीतले लोक वर्षभर बघतात. काटेवाडीत मेंढपाळ आपल्या मेंढ्या पालखीभोवती रिंगणात पळवतात. गावाने एक दिवस लाखभर पाहुण्यांना जेवू घालायचं, आणि पालखी गेली की रस्ता झाडून कामाला लागायचं. खेड्यांना याचा खर्च पडतो, कष्ट पडतात, कचरा आणि घाण मागे राहते. फिरती शौचालयं वाढली आहेत, स्वच्छतेला विद्यार्थ्यांच्या तुकड्या येतात, तरी सगळं निभावतं असं नाही. पण ज्यांच्याकडे दोन वर्षं दिंडी उतरली नाही त्या घरांतून मी एकच गोष्ट ऐकली: ‘सणच झाला नाही.’

तक्रारीचे टाळ

मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी समाजआरती होते. सर्व दिंड्या टाळ वाजवत तळावर येतात आणि पालखीभोवती उभ्या राहतात. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला चांदीचा चोप उंच करतात आणि सगळे टाळ एकदम थांबतात. पोलीस नाहीत, ध्वनिक्षेपकावरून दटावणं नाही.

ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र थांबत नाही. ती टाळ वाजवत राहते. एवढ्या शांततेत एका कोपऱ्यातून टाळ वाजत राहिले की सगळ्यांना कळतं, तिथे काही बिनसलंय. चोपदार त्या दिंडीकडे चालत जातात, ऐकतात, येऊन सांगतात, आणि तिथल्या तिथे निकाल लागतो. मी पाहिलं त्या संध्याकाळी मागच्या एका दिंडीचे टाळ वाजत राहिले. त्यांना पाण्याचा टँकर उशिरा मिळाला होता, बाया दुपारभर तहानलेल्या राहिल्या. उद्या टँकर आधी तिकडे जाईल असं सांगण्यात आलं आणि टाळ थांबले. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंचा पुकारा झाला. चष्मा, मोबाइल, पैशाचा बटवा, आणि घरच्यांपासून चुकलेली एक आजी. दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगितली गेली. मग आरती.

लाखांच्या समुदायात सगळ्यांत शेवटच्या दिंडीचं म्हणणं ऐकल्याशिवाय आरती होत नाही, ही व्यवस्था मला वारीतली सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते. माणूस गर्दीत हरवतो असं आपण म्हणतो. इथे हरवलेला चष्मासुद्धा पुकारला जातो.

रिंगण

लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाचा लिंब येथे पहिलं उभं रिंगण होतं. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहतात आणि मधून घोडे धावतात. पुढे सदाशिवनगरजवळ पुरंदवड्याला गोल रिंगण. मैदानात मधोमध पालखी, भोवती दिंड्या, आणि त्याबाहेर मोकळा गोल पट्टा. त्याच्या कडेने, घरांच्या गच्च्यांवर, झाडांवर, ट्रकच्या टपावर माणसं.

आधी पताकावाले धावतात. मग डोक्यावर तुळस आणि घागरी घेतलेल्या बाया. पदर खोचलेला, एक हात घागरीला, आणि साठी-पासष्टीच्या बाया मुलींसारख्या पळतात. माझ्याशी बोलणाऱ्या मावशी त्यांत होत्या. गुडघे दुखतात असं सकाळीच म्हणाल्या होत्या. मग विणेकरी, मग टाळकरी. शेवटी अश्व. पुढच्या घोड्यावर जरीपटका घेतलेला स्वार, मागे माउलींचा अश्व, ज्याच्यावर कोणी बसलेलं नसतं. वारकऱ्यांच्या दृष्टीने त्यावर माउली असतात. दोघे सुटले की मैदानातून एकच गजर उठतो. घोडे गेले की लोक ओणवे होऊन टापांखालची माती बोटांनी उचलतात आणि कपाळाला लावतात. माझ्या शेजारच्या एका माणसाने ती माती रुमालाच्या टोकाला बांधली. घरी आईला न्यायची होती.

त्यानंतर खेळ सुरू झाले. फुगड्या, हुतूतू, एकमेकांच्या खांद्यावर चढून मनोरे, टाळकऱ्यांच्या उड्या. पंचाहत्तरीतले दोन बाबा हातात हात धरून फुगडी घालत होते. त्यांना थांबवायला गेलेल्या पोरालाच त्यांनी ओढून घेतलं. दोन वर्षं ज्यांना घरच्यांनी ‘तुम्ही वयस्कर, तुम्ही बाहेर पडू नका’ असं प्रेमाने सांगून एका खोलीत ठेवलं होतं, ती ही माणसं. अंतर ठेवा, हात लावू नका, जवळ येऊ नका या सूचना पाळून त्यांनी स्वतःला जपलं होतं. त्या मैदानात हात, खांदे, पाठी सगळं पुन्हा कामाला आलं होतं.

एकत्र श्वास

समाजशास्त्रज्ञ एमील द्यूरकेम यांनी १९१२ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात म्हटलं की माणसं विधीसाठी एकत्र येतात तेव्हा त्यांच्यात एक सामुदायिक उधाण येतं, आणि समाज स्वतःला त्या उधाणात अनुभवतो. पुढच्या काळात शास्त्रज्ञांनी हे मोजून पाहायचा प्रयत्न केला. प्रयागच्या माघमेळ्यात महिनाभर वाळूत राहणाऱ्या कल्पवासींचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. थंडी, गोंगाट, दाटी आणि साधं खाणं सोसून परतलेल्या लोकांना आपली प्रकृती आणि मन आधीपेक्षा बरं वाटत होतं. त्याच गावांत मागे राहिलेल्यांमध्ये तसा बदल दिसला नाही. ‘आपण सगळे एक’ ही भावना आणि तिच्यामुळे मिळणारी एकमेकांची मदत, हे संशोधकांनी दिलेलं कारण. स्वीडनमध्ये २०१३ मध्ये समूहगायकांवर झालेल्या प्रयोगात एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके एकत्र वरखाली होताना दिसले. गाण्यामुळे श्वास एका लयीत येतो आणि हृदय श्वासामागून जातं.

दिवसाचे सात-आठ तास एका तालावर चालणाऱ्या, एकाच अभंगाच्या ओळीवर श्वास घेणाऱ्या दिंडीला हे सांगायला गेलं तर ते हसून ‘बरोबर आहे, माउली’ म्हणतील. त्यांना ते पायांतून माहीत आहे.

थांबणारीही वारीच

गर्दीचा आनंद लिहिताना गर्दीने केलेला घातही लिहायला हवा. एकोणिसाव्या शतकात यात्रा आणि पटकीची साथ यांची जोडी ठरलेली होती. पंढरपूरहून परतणाऱ्यांबरोबर रोग गावोगाव जात असे. पुढे लस आली तेव्हा ती टोचून घेतल्याशिवाय यात्रेकरूंना पंढरपुरात सोडत नसत, असाही काळ येऊन गेला. प्लेगच्या साथीत १८९७ मध्ये इंग्रज सरकारने केलेला साथरोग कायदाच मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. आणि एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट उसळत असताना हरिद्वारला कुंभाची स्नानं चालू राहिली, ती नंतर आवरती घ्यावी लागली, हे आपण पाहिलं.

म्हणून २०२० आणि २०२१ ची न झालेली वारी मला वारीच वाटते. लाखो माणसांनी आयुष्यभराचा नेम मोडून घरी थांबायचं ठरवलं. एका शेतकरीबाबांनी सांगितलं की त्या दोन आषाढांत ते रोज पहाटे टाळ घेऊन आपल्याच वावराच्या बांधावरून फेऱ्या मारत. आज सासवड, आज जेजुरी, आज वाल्हे असं मोजत. दशमीला त्यांनी बांधाच्या शेवटच्या टोकाला, पंढरपूरच्या दिशेला, नारळ फोडला. एकट्याने चालतानाही ते दिंडीच्या क्रमाने अभंग म्हणत होते. गुरुजी, डॉक्टर, सरकार यांनी सांगितलं ते ऐकलं, पण आपली जागाही सोडली नाही. २०२२ चा त्यांचा आनंद या थांबण्यातून आलेला होता.

पंढरपूरची पेठ

चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी या चार वाऱ्यांवर पंढरपूरचं वर्ष चालतं. चुरमुरे-बत्ताशांचे ढीग, बुक्का, अष्टगंध, कुंकू, तुळशीच्या माळा, टाळ-मृदंग, घोंगड्या, चंद्रभागेतल्या होड्या, भाड्याच्या खोल्या. मंदिर १७ मार्च २०२० ला बंद झालं, त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला उघडलं, पुन्हा मिटलं, आणि २०२१ च्या घटस्थापनेला उघडलं. दोन आषाढ्या मात्र गेल्या त्या गेल्याच.

महाद्वाराजवळ माळा विकणाऱ्या एका दुकानदार बाईंनी त्या काळात गाठी मारणाऱ्या कारागीर बायांना कसं सांभाळलं ते सांगितलं. मण्यांना गिऱ्हाईक नव्हतं, तरी थोड्या थोड्या माळा ओवून घेत राहिल्या, कारण हात थांबला की बाई दुसऱ्या कामाला जाते आणि परत येत नाही. या वारीत दशमीच्या दुपारीच त्यांच्या दोन वर्षांच्या साठवलेल्या माळा संपल्या. बोलता बोलता त्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात माळ घालत होत्या, प्रत्येकाला गाव विचारत होत्या. ‘जुनी गिऱ्हाइकं जिवंत आहेत का ते कळतं,’ त्या म्हणाल्या.

१० जुलैला एकादशी. दर्शनाची बारी गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत आणि पुढे. कितीतरी वारकरी त्या बारीत उभेच राहत नाहीत. चंद्रभागेत स्नान करायचं, नामदेव पायरीवर डोकं टेकायचं, कळसाकडे पाहून हात जोडायचे आणि ‘पासष्ट एकर’ या तळावरच्या आपल्या तंबूत परत यायचं. आमच्या मावशींनीही तेच केलं. मी विचारलं, इतक्या लांब चालून आत नाही जाणार? त्या म्हणाल्या, ‘इठ्ठल तर वाटेवर रोजच भेटला की.’

पंगतीत कोण

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारीत चालल्या तेव्हा त्यांना दिसलं की एका दिंडीत दिवसभर एकत्र गाणारी माणसं जेवायला जातीप्रमाणे वेगळी बसतात. ते त्यांना सलत राहिलं आणि ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी ते लिहिलं. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केलं तेव्हा कुठे विठ्ठलाचं दार दलितांना उघडलं. जातींच्या नावाच्या धर्मशाळा पंढरपुरात आजही उभ्या आहेत. आमच्या दिंडीची पंगत एक होती. सगळीकडे तशी आहे असं मी म्हणणार नाही. पुन्हा एकत्र येण्याचा आनंद खरा, पण ‘एकत्र’मध्ये कोण मोजलं जातं आणि कोण कडेला उभं राहतं, हे दरवर्षी नव्याने तपासावं लागेल. आरती करायच्या आधी शेवटच्या दिंडीचं ऐकणाऱ्या परंपरेकडे ते करण्याचं सामर्थ्य नक्की आहे.

२०२२ च्या आषाढीनंतर दहीहंडी झाली, गणपती बसले आणि वाजतगाजत गेले, नवरात्रात मैदानं भरली.  दोन वर्षांची भूक होती, ती भागवायलाच हवी होती. वारीत चालून मला एवढं कळलं की नुसतं पोट भरून खाल्ल्याने ती भागत नाही. मोठ्या मैदानात नुसतं जाऊन उभं राहिलं तर माणूस तिथेही एकटाच असतो. वारीतल्या माणसाला आनंद होतो कारण तिथे त्याची एक जागा आहे, ती रिकामी राहिली तर कोणाच्या तरी लक्षात येतं, आणि त्याच्या हातात एक काम आहे. कोणी पताका धरतं, कोणी भाकरी थापतं, कोणी चप्पल शिवतं, कोणी टँकरचा नळ सांभाळतं. एवढं असलं तर लाखाची गर्दीही माणसाला घरासारखी होते.

ही व्यवस्था कोणा एकाच्या मालकीची नाही, म्हणून तिची काळजी सगळ्यांनी घ्यायची आहे. रुंद झालेल्या रस्त्याच्या कडेला पुन्हा वड-पिंपळ लावले पाहिजेत. गावागावांत स्वच्छतेची सोय दिंडी येण्याआधी व्हायला हवी. आणि आपल्या गल्लीतल्या गणपतीत, वाडीतल्या जत्रेत, सोसायटीच्या अंगणात आपण नुसते प्रेक्षक म्हणून न जाता एखादं काम अंगावर घेऊन गेलं पाहिजे. पुढची साथ येईल तेव्हा पुन्हा थांबावंही लागेल. ज्यांनी एकत्र काम केलेलं असतं, त्यांनाच एकमेकांसाठी थांबताही येतं.